कोन संपले की बाजू बघा

वाचकाचं पत्र

बाई, नमस्कार. माझी मुलगी नववी पास होऊन दहावीत गेली आहे. मराठी माध्यम, स्टेट बोर्ड. गणितात आजवर चांगली होती. मे महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या मामाने एक कोडं टाकलं. एक समद्विभुज त्रिकोण, त्यात दोन रेघा, काही कोन दिलेले आणि एक काढायचा. ती दोन दिवस त्याच्या मागे होती. पानंच्या पानं भरली, पण दर वेळी ‘दोन कोनांची बेरीज ११०’ इथेच येऊन थांबली. शेवटी कोनमापकाने मोजून तिने ३० असं उत्तर दिलं. मामा म्हणाला, मोजलेलं चालत नाही, नववीच्या मुलीला एवढं यायला पाहिजे. तेव्हापासून ती भूमितीचं पुस्तक उघडत नाही. ‘मला कोन काढताच येत नाहीत’ म्हणते. दहावीला भूमितीचा ४० गुणांचा पेपर आहे. अज्ञात कोन काढायची काही ठरलेली रीत असते का? क्लास लावावा का? मी बी.ए. आहे, मला स्वतःला यातलं फारसं कळत नाही. आकृतीचा फोटो सोबत पाठवते.
– एक आई, कराड

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी लेकीला एवढं सांगा की तिचं ११० बरोबर आहे. नुसतं बरोबर नाही, तर फक्त कोनांच्या बेरजा-वजाबाक्या करून या आकृतीत त्याच्यापुढे कुणालाच जाता येत नाही. मामालाही नाही आणि मलाही नाही. का ते खाली सविस्तर लिहिते. ती वाट चुकली नव्हती, त्या वाटेच्या टोकापर्यंत पोचली होती. हे तिला कुणी सांगितलं नाही याचं मला फार वाईट वाटलं.

फोटोतली आकृती मी लगेच ओळखली. इंग्लंडमधल्या बेडफर्ड गावी एडवर्ड लँग्ली नावाचे गणिताचे शिक्षक होते. त्यांनी १८९४ साली ‘मॅथेमॅटिकल गॅझेट’ हे नियतकालिक सुरू केलं, आणि त्याच नियतकालिकात १९२२ साली हा प्रश्न मांडला. जेम्स मर्सर यांचं सुंदर उत्तर १९२३ मध्ये आलं. आता गंमत बघा. लँग्लींनी ‘हा कोन किती?’ असं विचारलंच नव्हतं. ‘हा कोन ३० अंशांचा आहे हे सिद्ध करा’ असा तो प्रश्न होता. म्हणजे उत्तर वाचकांच्या हातात आधीच दिलेलं होतं. तुमच्या मुलीने कोनमापक लावून जे मिळवलं, ते लँग्लींच्या वाचकांना फुकट मिळालं होतं. मोजणं ही सिद्धता नाही, तेवढं मामाचं म्हणणं खरं. पण मोजून अंदाज बांधणं हे भूमितीतलं अत्यंत योग्य पहिलं पाऊल आहे. कुठे पोचायचंय हे कळलं की रस्ता शोधणं सोपं जातं. तिने ते आपणहून केलं, यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

आता तिला वही घेऊन शेजारी बसवा. अर्धं पान भरेल एवढी मोठी आकृती काढायला सांगा. त्रिकोण अबक, त्यात अब आणि अक या बाजू समान. ब आणि क हे पायाचे कोन ८०° चे, म्हणून वरचा अ २०° चा. ब पासून एक रेघ काढायची, ती अक ला इ मध्ये मिळते. तिने ब चा कोन असा विभागला जातो की पायाकडे ६०° आणि वर २०° राहतात. क पासून दुसरी रेघ, ती अब ला फ मध्ये मिळते. इथे पायाकडे ५०° आणि वर ३०°. मग इ आणि फ जोडायचे. कोन बइफ काढायचा आहे.

कोन बइफ ला क्ष म्हणू आणि कोन कफइ ला य. दोन्ही रेघा प मध्ये छेदतात असं धरू. त्रिकोण पबक मध्ये ६० आणि ५० गेले, उरले ७०. त्याचा विरुद्ध कोन इपफ, तोही ७०. म्हणून त्रिकोण पइफ मध्ये क्ष + य = ११०. हे झालं तिचं ११०.

आता ती चौकोन बकइफ कडे वळली असणार. तिथे ब आणि क चे ८०–८०. त्रिकोण बकइ मधून कोन बइक ४० येतो, म्हणून इ पाशी ४० + क्ष. त्रिकोण बकफ मधून कोन बफक ५० येतो, म्हणून फ पाशी ५० + य. चारही कोनांची बेरीज ३६०. मांडून बघितलं तर क्ष + य = ११०. वरच्या छोट्या त्रिकोण अफइ कडे गेलं तर तिथे २०, १३० − य आणि १४० − क्ष. बेरीज १८०. पुन्हा क्ष + य = ११०.

हा तिचा दोष नाही, आकृतीचाच स्वभाव आहे. चौकोनाची बेरीज ३६० येते तीच मुळी दोन त्रिकोणांच्या १८० मुळे, त्यामुळे समीकरण नवं वाटलं तरी त्यातली माहिती जुनीच असते. दोन अज्ञात आहेत आणि त्यांच्यातला एकच संबंध कोन आपल्याला सांगतात. दुसरा संबंध दुसरीकडून आणावा लागतो. दुसरीकडून म्हणजे बाजूंकडून. तुमच्या मुलीला माझं सांगणं या एका गोष्टीपुरतंच आहे, बाकी सगळं तिला येतंय. कोन फिरून फिरून तेच बोलायला लागले की कोन सोडायचे आणि समान बाजू शोधायच्या. कुठल्या त्रिकोणाचे दोन कोन सारखे आलेत? आले असतील तर त्यांच्या समोरच्या बाजूही सारख्या. हा समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयाचा व्यत्यास, म्हणजे त्याचं उलट विधान आहे आणि नववीच्या ‘त्रिकोण’ या प्रकरणात ते तिने शिकलेलं आहे. मुलं मूळ प्रमेय वापरतात, व्यत्यास मात्र पाठ करून विसरतात. खरं तर अडलेल्या जागी तोच कामाला येतो, कारण कोनांची माहिती बाजूंच्या माहितीत बदलून देणारं तेच आहे. युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वी ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या खंडात ही दोन्ही प्रमेयं ५ आणि ६ क्रमांकाला शेजारी शेजारी ठेवली. तीन कोनांच्या बेरजेचं प्रमेय त्याच खंडात थेट ३२ व्या क्रमांकाला येतं. आपल्याकडे मात्र बेरजेची इतकी सवय होते की बाकीची हत्यारं पेटीतच राहतात.

तर त्रिकोण बकफ बघा. ब पाशी ८०, क पाशी ५०, म्हणून फ पाशी ५०. दोन कोन ५०–५०! म्हणजे बफ = बक. ही समानता आकृतीत पहिल्यापासून होती, फक्त तिच्यावर कुणी खूण केली नव्हती. पेन्सिलीने दोन्ही बाजूंवर एकेक आडवी रेघ मारायला सांगा. समान बाजूंवर खूण करण्याची सवय लागली तर निम्म्या आकृत्या आपोआप बोलायला लागतात.

आता मर्सर यांची युक्ती. बक शी २०° चा कोन करणारी रेघ ब पासून काढा. ती अक ला ग मध्ये मिळू दे. त्रिकोण बकग मध्ये २० आणि ८० झाले, म्हणून ग पाशी ८०. पुन्हा दोन कोन सारखे, म्हणून बग = बक. पण बफ सुद्धा बक एवढीच होती. म्हणून बफ = बग. आणि त्या दोघींमधला कोन किती? ब चे ८० वजा २०, म्हणजे ६०. दोन बाजू समान आणि मधला कोन ६०, म्हणून त्रिकोण बफग समभुज. इथपर्यंत आल्यावर तिला थोडं थांबू द्या. त्या वाकड्या दिसणाऱ्या आकृतीच्या पोटात समभुज त्रिकोण बसलेला आहे हे दिसतं तो क्षण तिचा तिला मिळाला पाहिजे.

पुढचं सरळ आहे. त्रिकोण बगइ बघा. इ पाशीचा कोन ४० हे आपल्याला आधीच माहीत आहे. कोन गबइ म्हणजे ६० वजा २०, तोही ४०. म्हणून गइ = गब. आणि समभुज त्रिकोणामुळे गब = गफ. म्हणून गइ = गफ, म्हणजे त्रिकोण गइफ समद्विभुज. ग पाशी सरळ रेषेचे १८०, त्यातून ८० आणि ६० गेले, उरले ४०. म्हणून पायाचे कोन ७०–७०. कोन गइफ ७०, त्यातला कोन गइब ४०, उरलेला कोन बइफ ३०. झालं सिद्ध. तिच्या कोनमापकाने खरंच सांगितलं होतं. य आपोआप ८० येतो, ३० आणि ८० मिळून तिचं ११०.

या सगळ्यात नववीबाहेरचं एकही प्रमेय नाही. त्या अर्थाने मामाचं म्हणणं बरोबर. पण नववीतलं ज्ञान पुरतं आणि नववीतल्या मुलीला ते सुचतं, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. नियतकालिकात छापून आलेलं कोडं आहे हे, गृहपाठ नव्हे. ते न सुटल्यावरून एखाद्या मुलीची गणितातली पत ठरवू नये, हे मामालाही प्रेमाने पण स्पष्ट सांगा.

आता ती नक्की विचारेल, ‘बाई, ती २०° ची रेघ सुचते कशी?’ हा खरा प्रश्न आहे. पुस्तकात ‘रचना’ म्हणून एक ओळ येते आणि ती कुठून आली ते कुणी सांगत नाही. इथे धागा असा आहे. बफ = बक हे कळलं होतं. म्हणजे ब केंद्र धरून बक एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर ते क मधून आणि फ मधून जातं. मग हे वर्तुळ उजवीकडच्या बाजूला, अक ला, आणखी कुठे छेदतं का? छेदतं, आणि तो बिंदू म्हणजेच ग. २०° हा आकडा आपण आभाळातून आणला नाही, तो हिशेबाने येतो: बग = बक, म्हणून ग पाशीही ८०, म्हणून ब पाशी २०. तिच्याकडे कंपास आहेच. तिने खरंच ते वर्तुळ काढून बघावं. सापडलेली समान लांबी आणखी कुठे बसते, हे विचारत जायचं. बऱ्याच रचना अशाच सापडतात.

फोनवर जिओजेब्रा हे ॲप फुकट मिळतं. त्यात हीच आकृती काढून क पाशीचा ५०° चा कोन ५५° करून बघायला सांगा. कोन बइफ सुमारे ४१.८° होतो. ना गोल आकडा, ना देखणी सिद्धता. ५५ घेतल्यावर बफ आणि बक समान राहत नाहीत आणि सगळी इमारत कोसळते. लँग्लींनी ५० हा आकडा जाणूनबुजून निवडला होता. अज्ञात कोनांच्या कोड्यांमध्ये आकड्यांची निवड हाच सर्वात मोठा इशारा असतो. ८० आणि ५० दिसले की ‘तिसरा पण ५०’, २० आणि ८० दिसले की ‘तिसरा पण ८०’, हे डोळ्यांनी टिपायला शिकायचं. आणि ४१.८ सारखे कोन काढायचे कसे? त्यासाठी अकरावी-बारावीत त्रिकोणमितीतला साइनचा नियम येतो. त्याने असा कुठलाही कोन सुचण्याबिचण्यावाचून निघतो. तोपर्यंत थांबायला हरकत नाही.

तुम्ही विचारलंय, ठरलेली रीत असते का? बोर्डाच्या पेपरपुरतं उत्तर ‘बऱ्याच अंशी हो’ असं आहे. तिथे नवी रेघ काढावी लागणारे प्रश्न थोडे, आणि जे असतात त्यांतली रेघ बहुतेक वेळा ओळखीची असते. समांतर रेषा आणि छेदिका असेल तर संगत कोन, व्युत्क्रम कोन, आंतरकोन. बाजू वाढवलेली दिसली तर बाह्यकोन, म्हणजे दूरस्थ आंतरकोनांची बेरीज. यात ती पक्की असेल, नववीत हे भरपूर झालेलं असतं.

दहावीत नवीन आहेत ती वर्तुळातली कोनांची आणि स्पर्शिकांची प्रमेयं. तिथे मुलं अडखळतात, म्हणून त्यावर जरा लिहिते. वर्तुळात आकृती काढणारा एक गोष्ट कधीच सांगत नाही, कारण ती गृहीत असते: सगळ्या त्रिज्या समान. म्हणजे केंद्रापासून वर्तुळावरच्या दोन बिंदूंपर्यंत रेघा काढल्या की समद्विभुज त्रिकोण तयार. वर्तुळावरचा बिंदू केंद्राशी जोडलेला नसेल तर तो जोडून बघायचा. स्पर्शिका दिसली की स्पर्शबिंदूपर्यंत त्रिज्या काढायची, तिथे ९०° मिळतो. एक उदाहरण घ्या. वर्तुळाबाहेरच्या प बिंदूतून दोन स्पर्शिका, त्यांच्यातला कोन ५०°, स्पर्शबिंदू म आणि न. मोठ्या कंसावर र हा बिंदू आहे, कोन मरन काढा. प्रश्नात केंद्राचं नावही नाही. केंद्र घ्या, म आणि न शी जोडा. चौकोनात दोन काटकोन आणि ५०, म्हणून केंद्रापाशी १३०. वर्तुळावरच्या र पाशीचा अंतर्लिखित कोन त्याच्या निम्मा, ६५. दोन रेघा काढल्या आणि प्रश्न संपला. चक्रीय चौकोन, म्हणजे चारही शिरोबिंदू वर्तुळावर असलेला चौकोन, आला की संमुख कोनांची बेरीज १८०, हे तिला वर्तुळाच्या प्रकरणात शिकवतील.

लिहिण्याबाबत मात्र मी कडक आहे. प्रत्येक पायरीसमोर कंसात कारण हवं. ‘आकृतीत दिसतं’ हे कारण नाही. छापलेली आकृती प्रमाणात असेलच असं नाही, काटकोन दिसणारा कोन ८५° चा असू शकतो. आणि इथेच ताई, तुम्ही बी.ए. आहात म्हणून मागे सरू नका. तुम्हाला प्रमेयं यायची गरज नाही. ती एखादं उदाहरण सोडवत असेल तेव्हा शेजारी बसा आणि प्रत्येक ओळीला विचारा, ‘हे कशावरून?’ ती सांगेल, ‘विरुद्ध कोन.’ तुम्ही विचारा, ‘म्हणजे काय, दाखव.’ तिला दाखवता आलं तर तिला येतंय. दाखवता आलं नाही तर नेमकं काय कच्चं आहे ते दोघींना एकाच वेळी कळेल. भाजी निवडता निवडता होईल असं काम आहे हे, आणि माझ्या मते त्याची सर दुसऱ्या कशालाच नाही. फक्त घाई करू नका, आणि ती गप्प बसली तर गप्प बसू द्या. भूमितीत विचार करणारं मूल बराच वेळ नुसतं आकृतीकडे बघत असतं. ते रिकामं बसणं नसतं.

तिची पानंच्या पानं फेकली नसतील तर जपून ठेवा. प्रत्येक ११० खाली तिने कोणता त्रिकोण किंवा चौकोन वापरला ते लिहून काढायला सांगा. मग तिचं तिलाच दिसेल की तिने सगळे दरवाजे वाजवून पाहिले होते.

रुची परत आली असं वाटलं तर (लगेच नको, आठ-पंधरा दिवस जाऊ देत) तिला याच कोड्याचं भावंड द्या. त्रिकोण तोच, २०–८०–८०. ब पाशी तेच ६० आणि २०. क पाशी मात्र पायाकडे ७० आणि वर १०. कोन कफइ काढायचा. कोनांची बेरीज इथेही एका जागी येऊन थांबेल, या वेळी १३० वर. तिथे तिने घाबरू नये. मर्सर यांची रेघ इथे लागू पडत नाही, कारण त्रिकोण बकफ आता समद्विभुज नाही. इ मधून पायाला समांतर रेषा काढून सुरुवात करावी, तिथे समभुज त्रिकोण एक नाही, दोन सापडतात. आधी मोजून अंदाज घ्यायला माझी पूर्ण परवानगी आहे असं सांगा.

तिला अशा कोड्यांची गोडी लागली तर शाळेत गणित ऑलिंपियाड या स्पर्धेची चौकशी करा. देशातल्या गणित ऑलिंपियाडचं काम मुंबईत मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पाहतं. पेपरात भूमिती भरपूर असते आणि ती बेरजेवर भागणारी नसते. तिचा कल नसेल तर आग्रह धरू नका.

राहिला क्लासचा प्रश्न. नुसत्या या कोड्यापायी क्लास लावू नका. दहावीच्या एकूण अभ्यासासाठी लावायचाच असेल तर आधी एक दिवस तिला तिथे बसवून बघा. शिकवणारे आकृती फळ्यावर स्वतः काढतात की छापील उत्तर उतरवून देतात, आणि एखादी मुलगी ‘ही रेघ का काढली?’ असं विचारते तेव्हा तिला उत्तर मिळतं की ‘पाठ कर’ असं सांगितलं जातं, एवढंच बघा. दुसरं ऐकू आलं तर ते पैसे वाचवा आणि तिला एक जाड कागदाची मोठी वही, चांगला कंपास आणि अणकुचीदार पेन्सिली आणून द्या.